पेशींविना ऊतक

पिंपळाचे पान काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवले, की त्यातील हिरवा गर कुजून सुटा होतो. मग ते हलक्या हाताने धुतले, की गर निघून जातो आणि शिरांची नाजूक जाळी तेवढी शिल्लक राहते. पानाचा आकार, देठ, निमुळते टोक, मुख्य शिरेपासून फुटत गेलेल्या उपशिरा, सारे जागच्या जागी असते. नसतो तो फक्त पानातील जिवंत भाग. प्राण्यांच्या व माणसांच्या अवयवांवर अशीच क्रिया केली तर काय उरेल, आणि जे उरेल त्याचा आजारी माणसाला काही उपयोग होईल काय, या प्रश्नांतून गेल्या अर्धशतकात जैवसामग्रीच्या अभ्यासाची एक स्वतंत्र शाखा उभी राहिली आहे. ऊतकातील सर्व पेशी काढून टाकणे आणि पेशींभोवतीचे द्रव्य मात्र शक्य तितके अखंड राखणे, या क्रियेला ‘निष्पेशीकरण’ असे म्हणता येईल. प्रस्तुत लेखात या क्रियेचा परिचय करून देण्याचा हेतू आहे.

या विषयाचे महत्त्व केवळ प्रयोगशाळेपुरते नाही. ज्याचे शरीर मोठ्या प्रमाणावर भाजले आहे, त्याच्या जखमा झाकण्यास त्याची स्वतःची त्वचा पुरत नाही. जन्मतः हृदयाची झडप सदोष असलेल्या बालकाला वयाबरोबर वाढणारी झडप हवी असते. ज्याचे यकृत किंवा मूत्रपिंड निकामी झाले आहे, त्याला दात्याची वाट पाहावी लागते आणि पुष्कळदा ती वाट संपण्यापूर्वी आयुष्यच संपते. या तिन्ही प्रसंगी वैद्यकाला एकच अडचण भेडसावते : दुसऱ्याचे ऊतक उपलब्ध झाले तरी रोग्याचे शरीर ते आपले म्हणून स्वीकारत नाही. निष्पेशीकरणाचा उगम या अडचणीत आहे.

पेशींभोवतीचे द्रव्य

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे, हे विधान शाळेपासून आपल्या परिचयाचे आहे. ते खरे असले तरी अपुरे आहे. हाडाचा कठीणपणा, कंडरेची ताकद, कूर्चेचा गुळगुळीतपणा आणि त्वचेची लवचीकता हे गुण मुख्यतः पेशींमध्ये नसतात. पेशींनी स्वतःभोवती स्रवून ठेवलेल्या द्रव्यात ते असतात. या द्रव्याला ‘पेशीबाह्य आधारद्रव्य’ असे म्हणतात. कूर्चेसारख्या ऊतकात तर पेशी फार विरळ असून बहुतेक सर्व जागा आधारद्रव्यानेच व्यापलेली असते.

आधारद्रव्यातील प्रमुख घटक म्हणजे कोलॅजेन हे तंतुरूप प्रथिन. सस्तन प्राण्यांच्या शरीरातील एकूण प्रथिनांपैकी सुमारे चौथा ते तिसरा हिस्सा एकट्या कोलॅजेनचा असतो. त्याच्या रेणूची रचना उलगडण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणावर भारताकडे जाते. मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन व गोपीनाथ कार्था यांनी १९५४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात कोलॅजेनच्या तीन पदरी रचनेची कल्पना मांडली आणि पुढील वर्षी तिला अधिक नेमके रूप दिले. सुताचे तीन पदर एकत्र पिळून दोरी वळावी, त्याप्रमाणे प्रथिनाच्या तीन साखळ्या एकमेकींभोवती वळलेल्या असतात. ताण सहन करण्याची कोलॅजेनची क्षमता या वळणातून येते.

कोलॅजेनच्या जोडीला इतर घटक असतात. इलॅस्टिनमुळे धमनी व फुप्फुस ताणले जाऊन पुन्हा पूर्ववत होतात. फायब्रोनेक्टिन व लॅमिनिन ही प्रथिने पेशींना चिकटण्यासाठी जागा पुरवतात. हायलुरॉनिक अम्लासारखे शर्करायुक्त लांब रेणू पाणी धरून ठेवतात. याशिवाय पेशींच्या वाढीला चालना देणारी अनेक प्रथिने आधारद्रव्यात अल्प प्रमाणात अडकून राहिलेली असतात.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. आधारद्रव्य म्हणजे पेशींना बसण्यासाठी केलेली निर्जीव मांडणी नव्हे. ते मऊ आहे की ताठ, त्यातील तंतू कोणत्या दिशेने गेले आहेत, त्यात कोणते रेणू अडकलेले आहेत, यांवर त्याच्या सान्निध्यातील पेशींचे वर्तन पुष्कळ अंशी अवलंबून असते. पेशी आधारद्रव्य घडवतात आणि आधारद्रव्य पेशींना वळण लावते, असा हा दुहेरी व्यवहार आहे.

पेशी काढावयाच्या कशासाठी?

परके ऊतक शरीर ओळखते ते प्रामुख्याने त्यातील पेशींवरून. प्रत्येक व्यक्तीच्या पेशींच्या पृष्ठभागावर तिच्या ओळखीच्या खुणा असतात. या खुणा परक्या आढळल्या, की प्रतिकारयंत्रणा त्या ऊतकावर हल्ला चढवते. ऊतक दुसऱ्या जातीच्या प्राण्याचे असेल तर विरोध अधिकच तीव्र होतो. डुकराच्या पेशींवर अल्फा-गॅल नावाची एक शर्करा असते. माणूस, कपी आणि आफ्रिका-आशियातील माकडे यांच्यात ती नसते. उलट माणसाच्या रक्तात तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे आधीपासून तयार असतात. डुकराचा ताजा अवयव जसाच्या तसा माणसाला बसवला, तर ही प्रतिपिंडे अल्पावधीत त्याचा नाश करू शकतात.

आधारद्रव्याची गोष्ट निराळी आहे. कोलॅजेनसारखी प्रथिने उत्क्रांतीच्या ओघात फारशी बदललेली नाहीत. डुकराचे, गाईचे व माणसाचे कोलॅजेन यांत इतके साम्य आहे, की मानवी शरीर प्राण्याचे कोलॅजेन बऱ्याच अंशी खपवून घेते. याचा व्यावहारिक अनुभव फार जुना आहे. शस्त्रक्रियेतील टाके घालण्यासाठी दीर्घकाळ वापरला गेलेला ‘कॅटगट’ हा धागा मेंढ्यांच्या व गुरांच्या आतड्यातील कोलॅजेनयुक्त थरांपासून बनवला जातो. शरीरात तो हळूहळू विरून जातो. कातडे कमावण्याचा धंदाही याच तत्त्वावर चालत आला आहे. चुन्याच्या निवळीत कातडे भिजवून त्यावरील केस व वरची त्वचा सैल करून काढतात, आतील मांस खरवडतात आणि उरलेल्या कोलॅजेनच्या जाळ्याला झाडाच्या सालीतील टॅनिनने किंवा क्रोमियमच्या लवणांनी पक्के करतात. चर्मकाराला हवे असते न कुजणारे, न बदलणारे कातडे. वैद्यकाला मात्र शरीरात गेल्यावर बदलू शकेल असे द्रव्य हवे असते. हा फरक पुढील विवेचनासाठी महत्त्वाचा आहे.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमधील शल्यचिकित्सक आलँ कार्पाँतिये यांनी डुकराच्या हृदयाच्या झडपांवर ग्लुटराल्डिहाइडची प्रक्रिया करून त्या माणसात वापरण्याचा मार्ग खुला केला. ही प्रक्रिया एका दृष्टीने कातडे कमावण्यासारखीच आहे. तिच्यामुळे कोलॅजेनचे तंतू परस्परांशी घट्ट जोडले जातात आणि परकेपणाच्या खुणा झाकल्या जातात. या झडपांनी असंख्य रोग्यांना जीवदान दिले. तथापि अशी झडप शरीरात वाढत नाही, तिची दुरुस्ती होत नाही आणि कालांतराने तिच्यात कॅल्शियमचे थर साचून ती ताठर होते. लहान मुलांत हे साचणे विशेष जलद होते. परकेपणाच्या खुणा झाकण्याऐवजी त्या मुळातूनच काढून टाकता येतील काय, हा पुढचा प्रश्न साहजिकच उपस्थित झाला.

दोन महत्त्वाचे शोध

आधारद्रव्यात काही संदेश साठवलेला असतो याचा ठळक पुरावा १९६५ साली पुढे आला. लॉस एंजेलिस येथील अस्थिशल्यचिकित्सक मार्शल युरिस्ट यांनी हाडातील खनिजे अम्लाने काढून टाकली आणि उरलेले मऊ आधारद्रव्य प्राण्यांच्या स्नायूंमध्ये बसवले. स्नायूत एरवी हाड तयार होत नाही. परंतु या ठिकाणी काही आठवड्यांत नवे हाड तयार झालेले आढळले. बसवलेल्या तुकड्यात जिवंत पेशी उरलेल्या नव्हत्या. तेव्हा नवे हाड रचणाऱ्या पेशी त्या प्राण्याच्याच होत्या आणि हाड रचण्याचा इशारा त्यांना आधारद्रव्याकडून मिळाला होता, असाच याचा अर्थ होतो. हा इशारा देणारी प्रथिने पुढे ओळखण्यात आली.

दुसरा शोध आतड्याशी निगडित आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात स्टीफन बॅडिलॅक व त्यांचे सहकारी मोठ्या रक्तवाहिनीला पर्याय शोधत होते. लहान आतड्याची आतील श्लेष्मल त्वचा व बाहेरील स्नायूचा थर खरवडून काढल्यावर मध्ये सुमारे एक दशांश मिलिमीटर जाडीचा चिवट, पांढुरका पडदा उरतो. त्याची नळी करून त्यांनी ती कुत्र्याच्या महाधमनीच्या जागी जोडली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात असे दिसून आले, की नळी केवळ टिकली नाही, तर कालांतराने तिचे रूप पालटले. यजमान प्राण्याच्या पेशी तिच्यात शिरल्या आणि तिची घडण आतड्यासारखी न राहता धमनीसारखी होत गेली. आतड्याच्या याच थराचे पडदे पुढे जखमा झाकण्यासाठी व अंतर्गळाच्या दुरुस्तीसाठी वैद्यकीय व्यवहारात आले. मानवी दात्यांच्या त्वचेतील पेशी काढून तयार केलेले पडदेही १९९० च्या दशकाच्या मध्यापासून भाजलेल्या रोग्यांसाठी वापरात आहेत.

निष्पेशीकरणाच्या पद्धती

पेशी काढण्याचे उपाय तीन प्रकारचे आहेत : भौतिक, रासायनिक आणि एंझाइमांवर आधारलेले. बहुधा एकाच ऊतकावर हे तिन्ही प्रकार क्रमाने योजावे लागतात.

भौतिक उपायांपैकी खरवडण्याचा उल्लेख वर आलाच आहे. दुसरा उपाय म्हणजे ऊतक वारंवार गोठवून वितळवणे. गोठताना पेशींमध्ये बर्फाचे स्फटिक तयार होतात आणि त्यांच्या अणकुचीदार कडांनी पेशीपटले फाटतात. पेशी अशा रीतीने मरतात खऱ्या. परंतु त्यांचे अवशेष जागीच राहतात. घर पाडले तरी राडारोडा उचलावा लागतो, तसा हा राडारोडा धुऊन काढण्याचे काम पुढील टप्प्यांवर सोपवावे लागते.

रासायनिक उपायांत प्रथम क्षारांच्या तीव्रतेचा उपयोग केला जातो. मनुका पाण्यात टाकल्या, की त्या पाणी शोषून फुगतात. त्याचप्रमाणे जवळजवळ शुद्ध पाण्यात ठेवलेल्या पेशी फुगून फुटतात. यानंतर मुख्य काम डिटर्जंट करतात. पेशीचे पटल मूलतः स्निग्ध रेणूंच्या दुहेरी थराचे असते. भांड्याचा तेलकटपणा साबणाने सुटावा, तसे ते डिटर्जंटमुळे विरघळते. ट्रायटन एक्स-१०० हे सौम्य डिटर्जंट पातळ ऊतकांना पुरते. डीऑक्सिकोलेट हे पित्तातील अम्लाचे लवणही या कामी वापरले जाते. जाड व घट्ट अवयवांसाठी सोडियम डोडेसिल सल्फेटसारखे प्रखर द्रव्य लागते. हेच द्रव्य सोडियम लॉरिल सल्फेट या नावाने शॅम्पू व टूथपेस्ट यांत आपल्या नित्याच्या वापरात असते. ते पेशींबरोबर केंद्रकातील द्रव्यही सोडवते; मात्र अधिक वेळ ठेवल्यास कोलॅजेनची घडण बिघडवते आणि वाढीला चालना देणारी प्रथिने धुऊन नेते. शिवाय त्याचा अंश ऊतकात राहिला, तर पुढे तेथे येणाऱ्या नव्या पेशींना तो विषारी ठरतो. म्हणून डिटर्जंटचा वापर काही तासांचा असला, तरी नंतरचे धुणे कित्येक दिवस चालते.

एंझाइमांपैकी ट्रिप्सिन पेशींना आधारद्रव्याशी जोडणारी प्रथिने तोडते. पण त्याला अधिक वेळ दिला तर ते आधारद्रव्यच कुरतडू लागते. पेशी फुटल्यावर केंद्रकातून बाहेर पडणारे डीएनएचे लांब धागे चिकट गुंत्यासारखे तंतूंना धरून बसतात. त्यांचे तुकडे करण्यासाठी न्यूक्लिएझ गटातील एंझाइमे वापरावी लागतात.

पातळ पडदा द्रावणात बुडवून हलवत ठेवला तरी चालते. हृदय किंवा यकृत यांसारख्या जाड अवयवाच्या गाभ्यापर्यंत मात्र द्रावण बाहेरून झिरपत नाही. अशा वेळी अवयवाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांचा उपयोग होतो. मुख्य धमनीत नळी बसवून तिच्यातून द्रावण खेळवले, की ज्या मार्गांनी रक्त प्रत्येक पेशीच्या निकट पोचत होते, त्याच मार्गांनी डिटर्जंट पोचते आणि पेशींचे अवशेष वाहून नेते. तांबूस अवयव प्रथम फिकट होतो आणि शेवटी दुधी काचेसारखा पारभासक दिसू लागतो. त्याचा आकार मात्र कायम राहतो आणि रक्तवाहिन्यांचे जाळेही अभंग असते.

तयार झालेले द्रव्य गोठवून, निर्वातात वाळवून साठवता येते. त्याची पूड करून पेप्सिन या पाचक एंझाइमाने ती विरघळवल्यास एक द्रव मिळतो. शरीराच्या उष्णतेला त्याचे जेल बनते, त्यामुळे तो सुईवाटेही देता येतो. डुकराच्या हृदयस्नायूपासून बनवलेल्या अशा जेलची, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १५ रोग्यांवर झालेली पहिली चाचणी २०१९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. एवढ्या लहान चाचणीतून सुरक्षिततेविषयी अंदाज येतो. परिणामकारकता सिद्ध होत नाही.

किती काढावे, किती राखावे?

वरील विवेचनावरून वाचकांच्या ध्यानात आले असेल, की प्रत्येक उपायाला दोन बाजू आहेत. जो उपाय पेशी अधिक निःशेष करतो, तो आधारद्रव्याचीही अधिक हानी करतो. सर्व पेशी काढल्या आणि आधारद्रव्य तसूभरही बदलले नाही, असे प्रत्यक्षात घडत नाही. तेव्हा या शास्त्रातील खरे कौशल्य धुण्यात नसून कोठे थांबावे हे ठरवण्यात आहे. ‘निष्पेशी’ कशाला म्हणावे याविषयी पूर्वी एकवाक्यता नव्हती. २०११ साली क्रापो, गिल्बर्ट व बॅडिलॅक यांनी तीन किमान कसोट्या सुचवल्या. कोरड्या आधारद्रव्याच्या दर मिलिग्रॅममागे दुपदरी डीएनए ५० नॅनोग्रॅमपेक्षा कमी असावे. उरलेल्या डीएनएचे तुकडे २०० जोड्यांपेक्षा आखूड असावेत. आणि रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता केंद्रके दिसू नयेत. या कसोट्या आज सर्वत्र संदर्भासाठी वापरल्या जातात. मात्र त्या काय काढले ते सांगतात, काय राखले ते सांगत नाहीत. ताण सहन करण्याची क्षमता, कोलॅजेन व शर्करायुक्त रेणूंचे प्रमाण आणि तंतूंची मांडणी यांची परीक्षा वेगळी करावी लागते.

या कसोट्या केवळ शास्त्रीय काटेकोरपणासाठी नाहीत, हे एका दुःखद घटनेवरून स्पष्ट होते. व्हिएन्ना येथे चार मुलांच्या हृदयात डुकराच्या निष्पेशी म्हणून तयार केलेल्या झडपा बसवण्यात आल्या होत्या. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार त्यांपैकी तीन मुले वर्षभराच्या आत दगावली. चौथ्या मुलाची झडप खबरदारी म्हणून लगेच काढण्यात आली. काढलेल्या झडपांत तीव्र दाह आढळला. न वापरलेल्या झडपांची तपासणी केली तेव्हा पेशी पूर्णपणे निघालेल्या नव्हत्या, असेही दिसून आले. ज्या मुलांसाठी वाढणारी झडप हवी म्हणून हा खटाटोप होता, त्यांनाच अपुऱ्या धुण्याचे व अपुऱ्या तपासणीचे मोल द्यावे लागले. यानंतर प्राण्यांच्या झडपांविषयी संशोधक अधिक सावध झाले. मानवी दात्यांच्या निष्पेशी झडपांचा अनुभव मात्र अधिक आशादायक आहे. जर्मनीतील हॅनोव्हर येथे फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीच्या झडपेसाठी त्यांचा तरुण रोग्यांत यशस्वी वापर झालेला आहे.

दुसरे उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. २००८ साली बार्सिलोना येथे एका स्त्रीला मृत दात्याची निष्पेशी केलेली श्वासनलिका तिच्याच पेशी लावून बसवण्यात आली. या शस्त्रक्रियेचा जगभर गाजावाजा झाला. तिच्यातील प्रमुख शल्यचिकित्सकाने पुढे स्वीडनमध्ये प्लॅस्टिकच्या कृत्रिम श्वासनलिका रोग्यांना बसवल्या. ते रोगी दगावले. त्याबद्दल स्वीडनमधील अपील न्यायालयाने २०२३ मध्ये त्याला दोषी ठरवून तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २००८ च्या शस्त्रक्रियेवरील लेखही मागे घेतला. नवी पद्धत प्राण्यांवरील प्रयोगांच्या पायऱ्या चढत माणसापर्यंत आली पाहिजे. मधल्या पायऱ्या गाळल्या तर रोग्याचा प्राण जातो आणि शास्त्रावरील लोकांचा विश्वासही उडतो.

शरीरात गेल्यावर

निष्पेशी पडदा जखमेत बसवल्यावर काय होते? रक्तातील पांढऱ्या पेशी प्रथम तेथे जमतात. त्यांच्यातील महाभक्षी पेशींची भूमिका निर्णायक ठरते. या पेशी परिस्थितीनुसार दोन प्रकारे वागतात : एका प्रकारात त्या शत्रूचा नाश करण्यासाठी दाह पेटता ठेवतात, दुसऱ्या प्रकारात दुरुस्तीला साहाय्य करतात. पडद्यात पेशींचे अवशेष पुष्कळ असतील तर पहिला प्रकार प्रबळ होतो आणि शेवटी कठीण व्रण तयार होतो. पडदा नीट धुतलेला असेल तर दुसऱ्या प्रकाराचे प्राबल्य वाढते. महाभक्षी पेशी बसवलेले द्रव्य हळूहळू पचवतात; ते पचत असता सुटणारे प्रथिनांचे लहान तुकडे आसपासच्या पेशींना बोलावून आणतात. नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि रोग्याच्या पेशी स्वतःचे आधारद्रव्य रचू लागतात. इमारत उभी राहीपर्यंत गवंडी परांचीचा आधार घेतात आणि काम होताच ती उतरवतात. बसवलेले द्रव्यही असेच तात्पुरत्या आधाराचे काम करून नाहीसे होते. ग्लुटराल्डिहाइडने पक्के केलेल्या ऊतकात हे घडत नाही, कारण ते पचवता येत नाही.

संपूर्ण अवयवाचे स्वप्न

पडदे व झडपा यांच्या पुढची पायरी म्हणजे संपूर्ण अवयव. २००८ साली मिनेसोटा विद्यापीठात हॅरल्ड ऑट, डोरिस टेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत उंदराच्या हृदयातील पेशी वर वर्णिलेल्या रीतीने धुऊन काढल्या आणि उरलेल्या सांगाड्यात नवजात उंदरांच्या हृदयातील पेशी भरल्या. चौथ्या दिवशी त्याचे आकुंचन दिसू लागले. आठव्या दिवशी ते थोडा दाब निर्माण करू लागले; प्रौढ हृदयाच्या सुमारे दोन टक्के एवढे त्याचे कार्य होते. हा आकडा लहान असला तरी धुतलेल्या सांगाड्यात पुन्हा स्पंदन सुरू होऊ शकते, हे त्याने दाखवून दिले. पुढे २०१० साली उंदरांच्या फुप्फुसांवर व यकृतावर आणि २०१३ साली मूत्रपिंडावर असे प्रयोग झाले. बसवलेल्या फुप्फुसांनी काही काळ वायूंची देवघेव केली. मूत्रपिंडाने अल्प प्रमाणात मूत्र तयार केले.

येथून माणसाच्या अवयवापर्यंतचे अंतर मोठे आहे. मानवी हृदयात अब्जावधी स्नायुपेशी असतात. तेवढ्या पेशी निर्माण करणे आणि त्या योग्य दिशेने रचणे अद्याप साधलेले नाही. त्याहून बिकट प्रश्न रक्तवाहिन्यांचा आहे. धुतलेल्या वाहिन्यांचे आतील अस्तर गेलेले असते. उघड्या पडलेल्या कोलॅजेनला रक्त लागले, की ते गोठते. सूक्ष्म केशवाहिन्यांसह सारे जाळे नव्या पेशींनी अखंड आच्छादल्याखेरीज अवयव शरीरात टिकणार नाही. पेशी काढण्याचे तंत्र जेवढे प्रगत झाले आहे, तेवढे पेशी पुन्हा भरण्याचे झालेले नाही.

भारतातील प्रयत्न आणि ऊतकाच्या उगमाचा प्रश्न

या क्षेत्रात भारतातही मोलाचे काम झाले आहे. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल वैद्यकीय विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत टी. व्ही. अनिलकुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकराच्या पित्ताशयाकडे लक्ष वळवले. पित्ताशय ही पातळ भिंतीची पिशवी असल्याने तिचे आधारद्रव्य पडद्याच्या रूपात मिळवता येते. त्यापासून बनवलेल्या ‘कोलेडर्म’ या जखमेवरील आवरणाला २०२३ मध्ये देशाच्या औषध नियंत्रकांनी सर्वाधिक जोखमीच्या, म्हणजे ‘ड’ वर्गातील, वैद्यकीय साधन म्हणून मान्यता दिली. आयात केलेले असे पडदे महाग असतात. भाजलेले किंवा मधुमेहामुळे जखम चिघळलेले बहुसंख्य रोगी सामान्य परिस्थितीतील असतात, हे लक्षात घेता देशी उत्पादनाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. याच्या जवळची परंपरा म्हणजे ऊतकपेढ्यांची. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ साली सुरू झालेल्या ऊतकपेढीत दात्यांकडून मिळालेले गर्भावरण व हाडे यांवर प्रक्रिया करून ती गॅमा किरणांनी निर्जंतुक केली जातात. तुर्भे येथे अशा निर्जंतुकीकरणाचे केंद्र १९७४ पासूनच उभे होते.

ऊतक कोठून आले, हा प्रश्न आपल्या देशात केवळ तांत्रिक राहत नाही. डुकराचे किंवा गाईचे ऊतक धार्मिक श्रद्धेमुळे अनेकांना मान्य नसते. काहींना कोणत्याही प्राण्याचे चालत नाही. पेशी धुऊन काढल्या तरी उगम बदलत नाही. म्हणून रोग्याला त्याची माहिती देऊन निर्णय त्याच्यावर सोपवणे हे वैद्यकाचे कर्तव्य ठरते. पर्यायही पुढे येत आहेत. आइसलँडमध्ये कॉड माशाच्या त्वचेपासून जखमेवरील आवरण बनवण्यात आले आहे. अमेरिकेतील वूस्टर येथील संशोधकांनी २०१७ मध्ये पालकाचे पान डिटर्जंटने धुऊन त्याच्या शिरांतून द्रव खेळवला आणि पानावर मानवी हृदयपेशी वाढवल्या. त्या सुमारे तीन आठवडे आकुंचन पावत राहिल्या. वनस्पतीच्या सांगाड्यात कोलॅजेन नसून सेल्युलोज असते आणि मानवी शरीर ते पचवू शकत नाही. त्यामुळे या प्रयोगाचे मोल सध्या तरी तत्त्व दाखवण्यापुरते आहे.

आजची स्थिती थोडक्यात अशी मांडता येईल. पातळ पडदे, त्वचा, हाडांची पूड व मानवी झडपा या रूपांत निष्पेशी ऊतके रोग्यांपर्यंत पोचली आहेत. सुईवाटे देता येणारी जेल चाचणीच्या अवस्थेत आहेत. संपूर्ण अवयव प्रयोगशाळेतच आहेत. या तिन्ही पातळ्यांवर यश एकाच गोष्टीवर अवलंबून राहिले आहे : ऊतकातील परके ते पुरेसे काढणे आणि उपयोगाचे ते पुरेसे राखणे. यांपैकी पहिली गोष्ट मोजण्याची साधने आपल्याला लाभली आहेत. दुसरी गोष्ट तितक्याच नेमकेपणाने मोजता येईल, तेव्हा अवयवाची वाट पाहणाऱ्या रोग्याला अधिक निश्चित उत्तर देणे शक्य होईल.